बोंडूच्या पोटाचं गाऱ्हाणं

बाय,

आज सकाळी बोंडूने पुन्हा पिवळा फेस ओकला. आधी अंगणात गवताची दोन पाती खाल्ली, मग पुढचे पाय जमिनीला लावून, मागचा भाग वर करून तसाच थांबला. पोटात दुखायला लागलं की तो असा उभा राहतो. तू त्याला साष्टांग म्हणायचीस. "बघ, देवाक साष्टांग घालता तो," असं म्हणून हसायचीस आणि हसता हसता त्याच्याजवळ खाली बसायचीस. आज मी बसलो. पोटावर हात ठेवला. आतून गुरगुर येत होती. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे, दाराकडे बघत होता.

तू जाऊन अजून महिना झालेला नाही. लोक भेटायला येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात, आणि ते खरंच आहे. पण ते मी इथे लिहीत नाही. तुझं सासर कुठलं, तुझा मुलगा काय करतो, तू बालवाडी कशी चालवलीस, हे ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना ठाऊक आहे. मला तुझ्याशी ज्या विषयावर बोलायचं आहे, त्याच विषयावर आपण गेली दोन वर्षं रोज बोलत होतो. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे आणि हे पोट काही थांबलेलं नाही.

वैभववाडीचं सासरचं घर बंद करून तू माझ्याकडे, भावाकडे, राहायला आलीस, तेव्हा तुझ्याबरोबर दोन बॅगा होत्या आणि एक पिंजरा. मुंबईत ज्याला जागा उरत नाही ते सगळं गावाला येतं. जुना फ्रिज येतो, सोफा येतो, तसा तुझ्या मुलाने, महेशने, हौसेने घेतलेला कुत्रा आला. त्याचं मुंबईतलं इंग्रजी नाव सुनंदाला, माझ्या बायकोला, धड उच्चारताही येईना. त्याचा रंग पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा, म्हणून तू त्याला बोंडू म्हणालीस आणि त्याने पहिल्याच हाकेला कान टवकारले. गिरणीच्या पायरीवर बसून तू मला म्हणालीस, "हो फक्त पोटाचो जरा नाजूक आसा हां." त्या 'जरा'चा अर्थ कळायला मला आठवडा लागला.

माझी भात भरडायची गिरण. वजन केल्याशिवाय मी काही आत घेत नाही आणि बाहेर देत नाही. पहिल्यांदा त्याला जुलाब झाले तेव्हा मी त्याला उचलून गिरणीतल्या काट्यावर ठेवलं. तू धावत आलीस.

"मेल्या, तो काय भाताची गोण आसा? काट्यार कित्याक चढवतंस तेका?"

"वजन कळल्याबिगर औषध कितक्या द्यायचां?"

"माझ्या हाताक कळता." तू त्याला उचललंस, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "पावणेसहा."

काट्यावर पाच किलो आठशे होतं. मी ते मोठ्याने वाचलं. तू पदराने काट्याचं ताट पुसलंस आणि म्हणालीस, "ते वरचे पन्नास ग्रॅम तुझ्या गिरणीचो कोंडो आसतलो."

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घाटावरचे, भला माणूस. त्यांच्याकडे दिवसभर गाई-म्हशी येतात. पाच किलोचा पेशंट बघून त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी शेण तपासावं तसं बोंडूचंही तपासलं, वजनावर जंताचं औषध दिलं, रक्त बाहेर पाठवलं. ठोस काही निघालं नाही. "काही लहान कुत्र्यांचं पोटच असं असतं," ते म्हणाले. "बिघडेल, सावरेल, पुन्हा बिघडेल. तुम्ही सांभाळायचं." मग त्यांनी सांभाळायचं कसं ते सांगितलं. बिघडलं की एक वेळ पोटाला विश्रांती, पण लहान जीव आहे, त्यापेक्षा जास्त उपाशी ठेवायचं नाही. पाणी थोडं थोडं. मग मऊ भात आणि बिनकातडीची उकडलेली कोंबडी, मीठमसाला काही नको, दिवसातून चार वेळा, एका वेळी मूठभर. नवीन काही द्यायचं तर एका वेळी एकच. रक्त दिसलं किंवा पाणीही ठरेना झालं तर थांबायचं नाही, लगेच आणायचं. आणि शेवटी, उठता उठता, "तेलकट नको. नारळ तर अजिबात नको."

रिक्षात बसल्यावर तू म्हणालीस, "मालवणात ऱ्हवान नारळ नको म्हणता. ह्येका कोणी डॉक्टर केल्यान?"

तिथून आपले दोन पक्ष झाले. मी भात ग्रॅममध्ये मोजायचो, कोंबडी वेगळी मोजायचो, कातडी काढली की पुन्हा मोजायचो. तू गाऱ्हाणं घालायचीस.

आपल्या लहानपणी घरात गाऱ्हाणं बाबा घालायचे. तुळशीपुढे नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि देवाला सगळी हकिगत सांगायची, न लाजता, जणू तो शेजारच्या पडवीत बसून ऐकतो आहे. प्रत्येक वाक्यानंतर आपण पोरांनी एका सुरात "होय म्हाराजा" म्हणायचं. माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा, असं तूच सांगायचीस. बाबांमागे हे घरातून गेलंच होतं. हे पुरुषांचं काम, आणि मी ते केलं नाही. तू आलीस आणि कुणाला न विचारता सुरू केलंस. बाबांची प्रत्येक लकब तुला पाठ होती. दम घ्यायला ते कुठे थांबायचे, तेसुद्धा.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घरातल्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो आसा रे म्हाराजा. ह्या मुक्या जीवाच्या पोटाक जी काय इडापीडा आसात, ती व्हाळापलीकडे धाड रे म्हाराजा. तेच्या हातसून काय चुकला-माकला आसात, काय चोरून खाल्ल्यान आसात, तर तां पोटात घाल रे म्हाराजा."

मी गिरणीतून ओरडलो, "आधी तेना पोटात घातल्यान, म्हणान तर ही पाळी इली."

तू माझ्याकडे लक्ष दिलं नाहीस. घरात होयकारा द्यायला कुणी नसलं की तू स्वतःच आवाज बदलून, जरा जाड करून, "होय म्हाराजा" म्हणायचीस आणि पुन्हा आपल्या आवाजात पुढचं वाक्य घ्यायचीस. बोंडू तुझ्या पायाशी बसून दोन्ही आवाज ऐकायचा. हे मी दर वेळी भाताचं पातेलं निवत ठेवून बघायचो.

आणि मग नारळ फुटायचा. शिरणी वाटली जायची. सुनंदाला एक तुकडा, मला एक तुकडा, तुला एक, आणि ज्याच्या पोटासाठी एवढं सगळं केलं त्याला नाही, हे तुला जमायचं नाही. देवाला जे सांगितलं त्याचा प्रसाद ज्याच्या-त्याच्या पोटात गेला नाही तर गाऱ्हाणं पोचणार कसं, असा तुझा हिशेब. मी पाठ फिरवली की नखाएवढा तुकडा बोंडूच्या तोंडात. दुसऱ्या दिवशी साष्टांग.

"बाय, तू शिरणी दिलंस."

"परसादान कोणाचां पोट बिघडणां नाय."

"खोबऱ्यात तेल आसता गो. डॉक्टरान सांगितल्यान."

"आणि तुझ्या गिरणीखालचो कोंडो चाटता तो? तां कोण बघता? त्या कोंड्याक काटो नाय तुझ्याकडे."

माझा आरोपी नारळ, तुझा आरोपी कोंडा. तू त्याला गिरणीत येऊ नये म्हणून दाराला फळी लावलीस. मी नारळ वरच्या फडताळात ठेवायला लागलो. तुझी फळी तो ओलांडायचा आणि माझं फडताळ तू उघडायचीस. पोट सावरायचं, बिघडायचं. सावरलं की ते कुणाच्या उपायाने, यावर आपण चहा थंड होईपर्यंत बोलायचो. बिघडलं की कुणाच्या चुकीने, यावर दुसरा चहा.

सुनंदा एकदा म्हणाली, "तुमका दोघांका तो बरो झालेलो परवडाचो नाय."

त्या वेळी मला राग आला होता. आता तेच वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा काढून बघतो. तुझं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर तू यायचीस ती चतुर्थीला, दोन दिवस, आणि बाकी वर्षभर फोनवर तेच, बरो मा रे, बरी मा गो, पाऊस कसो आसा. भाऊ-बहीण म्हणून आपल्याला एकमेकांशी बोलायला विषयच उरला नव्हता. ते बोलणं या पाच किलोच्या प्राण्याने पोट बिघडवून घेऊन पुन्हा सुरू केलं. रोज सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, "काय केल्यान?" म्हणजे त्याने घट्ट केलं की पातळ. त्यावरून गजाली निघायच्या त्या बाबांपर्यंत जायच्या, तुझ्या सासूपर्यंत जायच्या. तू तुझ्या नवऱ्याच्या आजारपणातलं मला जे सांगितलंस, तेसुद्धा बोंडूला सांडशीने धरल्यासारखं दोन गुडघ्यांत धरून औषध पाजताना. समोरासमोर बसून तू ते सांगितलं नसतंस आणि मी ऐकलं नसतं. त्याबद्दल त्याचे आभार मानायचे तर तो हल्ली कोपऱ्यात पाठ करून पडलेला असतो.

शेवटच्या गाऱ्हाण्याच्या वेळी मी गिरण बंद करून अंगणात आलो होतो. तू नारळ ठेवलास, हात जोडलेस, आणि एकदम वळून म्हणालीस, "ये रे. आज तू होय म्हण. माझो आवाज बसलो आसा."

"मी कुत्र्याच्या हगवणीसाठी देवाक बोलवचंय नाय."

"देवाक हगवण कळता रे. तेनाच पोट दिल्यान."

"तुका म्हणायचां तां म्हण. माका मध्ये घेव नको."

"मगे कोणासाठी म्हणतलंस? तुका खंय काय कमी आसा?" तू नारळाची शेंडी सरळ केलीस. "तोंड झिजणां नाय तुझां."

मी आत गेलो. मला खरंच त्यात काही वाटलं नव्हतं. उद्या पुन्हा तू हेच म्हणशील, मी पुन्हा नाही म्हणेन, असंच चाललेलं होतं. तू बसलेल्या आवाजात दोन्ही बाजू म्हटल्यास, ते मला आतून ऐकू येत होतं.

त्या आठवड्यात एका सकाळी तू चहा अर्धा ठेवलास आणि म्हणालीस, "पोटात जळजळता." मी विचारलं, "काय खाल्लंस?" या घरात दोन वर्षं पोटाबद्दल दुसरा प्रश्नच नव्हता. तू ओवा तोंडात टाकलास, वर गरम पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "आता माका ठेव काट्यार." मी हसलो. सुनंदा हसली. तू जरा आडवी झालीस. रिक्षा मालवणात पोचेपर्यंत तू माझा हात धरून होतीस आणि नंतर नव्हतीस. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हृदयाचं दुखणं पुष्कळदा असं पोटाचं रूप घेऊन येतं, बायकांत तर जास्तच, घरच्यांना कळायला मार्ग नसतो. त्या चांगल्या मनाने म्हणाल्या. मी मान हलवली. मला त्यावर पुढे काही लिहिता येत नाही.

बहीण लग्न झालेली, म्हणजे नियमाने आम्हाला तीन दिवसांचंच सुतक. पण महेशने तुझे दिवस इथेच केले, म्हणून तेराव्यापर्यंत आम्हीही पाळलं. देवापुढे नारळ नाही. मासळी नाही. स्वयंपाक खोबऱ्याशिवाय, फोडणीशिवाय. आणि गिरण बंद. बाय, तुझ्या लक्षात येतंय का? नारळही नाही आणि कोंडाही नाही. दोन्ही आरोपी एकाच वेळी घराबाहेर. आपण ठरवून केलं असतं तरी इतकी स्वच्छ परीक्षा जमली नसती. मी बोंडूला माझ्या हाताने, मोजून, फक्त भात आणि बाहेरच्या चुलीवर उकडलेली कोंबडी देत होतो. सुतक संपायच्या आत त्याचं पोट बिघडलं. आधीच्यासारखंच, तोच फेस, तोच साष्टांग.

आपण दोघंही चुकलो होतो. ही एवढी मोठी गोष्ट मला कळली आणि ती ज्या माणसाला सांगायची, तिच्याच दिवसांचं जेवण मांडवात चाललं होतं. मी महेशला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, आत्ता नको."

तेव्हापासून पोट सावरलेलं नाही. पूर्वी बिघडायचं तसं सावरायचंही. आता तो खायलाच तयार नाही. ताटली पुढे केली की वास घेतो आणि मान वळवतो. तू हातावर घेऊन भरवायचीस तसं करून बघितलं. माझ्या हाताला गिरणीतल्या ग्रीसचा वास येत असेल म्हणून साबणाने दोनदा धुऊन करून बघितलं. सुनंदाने तुझी जुनी साडी त्याच्याखाली घातली. त्यावर तो झोपतो, पण उठून खात नाही. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं, ओकारीचं औषध दिलं. माणूस गेलं की यांचंही आतडं बिघडतं, असं ते म्हणाले, पण तेवढ्यावर सोडायचं नाही, दुसरं काही असू शकतं. पाच किलोच्या खाली गेला तर मोठ्या ठिकाणी न्या, सोनोग्राफी करावी लागेल. तिथेही काय निघेल ते त्यांना सांगता येत नव्हतं, आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं.

महेशचा फोन आला. "मामा, तुम्ही तरी किती करणार? गोव्यात माझा एक मित्र आहे, मोठं आवार आहे, तीन कुत्री आहेत त्याच्याकडे. आई... म्हणजे, आई नाही आता." तुझा मुलगा बोलता बोलता अडखळला, म्हणून मी त्याला रागावलो नाही. बघतो म्हटलं. तुझ्या हाताशिवाय जो इथे खात नाही, तो गोव्यात कुणाच्या हातून खाईल, हे त्यालाही कळत असणार.

आज फेस पुसला आणि त्याला काट्यावर ठेवलं. पाच किलो पन्नास. म्हणजे पाऊण किलो उतरला. मी तोच हिशेब माझ्या अंगावर करून बघितला. माझ्या वजनात ते नऊ किलो उतरल्यासारखं होतं. वरचे पन्नास ग्रॅम कोंड्याचे नव्हते. ताट मी आधीच पुसलं होतं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळू खाली जाते. पूर्वी लगेच जायची. मी रिक्षावाल्याला फोन केला. कोल्हापूरला न्यायचं तर गाडी दुपारी मिळेल, म्हणाला.

दुपारपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. मी पायरीवर बसलो होतो. सुनंदा आतून आली. तिने फडताळातला नारळ काढला होता.

"वन्सांनी आतापर्यंत ठेवलो आसतो."

मी बोंडूकडे बघितलं.

"फोडूचो नाय. शिरणी नाय. नुसतो ठेवया," ती म्हणाली. नारळ तुळशीपुढे ठेवला, शेंडी देवाकडे, तू ठेवायचीस तशीच. "घाला गाऱ्हाणां. मी होय म्हणतंय."

मी चपला काढून उभा राहिलो. बोंडूला कडेवर घेतलं, कारण सकाळच्या ओकारीनंतर खाली सोडलं असतं तर तो बसूही शकला नसता. हात जोडता येईनात, म्हणून एकच हात कपाळाला लावला. "बा देवा म्हाराजा," मी म्हटलं. तेवढं आलं. सुनंदा म्हणाली, "होय म्हाराजा." त्यानंतर काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. बाबा काय म्हणायचे, तू काय म्हणायचीस, सगळं इतक्या वेळा कानांवरून गेलेलं, आणि तोंडात काही येईना. सुनंदा थांबली होती. शेवटी मी म्हणालो, "वजन पाच किलो पन्नास आसा रे म्हाराजा."

सुनंदाने पदर तोंडाला लावला. होयकारा तिला देता आला नाही.

मला गाऱ्हाणं येत नाही, बाय. मला मोजता येतं, आणि मोजण्यासारखं होतं ते सगळं मी मोजून झालं आहे. लहानपणापासून मला यातलं एकच काम दिलेलं होतं, आणि तेच मी तुझ्या तोंडावर नाकारत राहिलो. आता गाडी यायची आहे. बोंडू माझ्या कडेवर आहे, नेहमीपेक्षा हलका, आणि माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघतो आहे. तू जिथे असशील तिथून सुरुवात कर. बसलेल्या आवाजात चालेल. त्याचं नाव घे, त्याच्या पोटाचं सांग, काय चुकलं-माकलं ते सांग. एका दमात सगळं म्हणू नकोस, बाबा थांबायचे तिथे थांब.

मी इथे उभा आहे. होय म्हाराजा.